से केदारोन

मधल्या सुट्टीत सिंधू नववीच्या चाचणीचे पेपर तपासत बसली होती, तेव्हा टेबलावरचा फोन थरथरला. आरतीचा निरोप होता, आवाजातला. सिंधूनं फोन कानाला लावला. स्टाफरूमच्या पंख्याच्या घरघरीत आरतीचा आवाज नेहमीसारखा भरभर आला आणि संपला. त्या स्पॅनिश भाषेतलं सिंधूला काही कळत नसे, पण या वेळी मध्येच एक ओळखीचा शब्द कानावर पडल्यासारखा झाला. केदार. तिनं पुन्हा लावून ऐकलं. पोर के से केदारोन कोन्तिगो? केदारच. महादेवाचं नाव हिच्या तोंडी कुठून आलं म्हणून तिला क्षणभर हसू आलं. मग फोननं त्या बोलण्याचं मराठी करून खाली दाखवलं : ते तुझ्यासोबत का राहिले? सिंधूनं ते वाचलं, हातातलं लाल पेन खाली ठेवलं, पुन्हा वाचलं. घंटा झाली. बाकीच्या बाया उठून वर्गावर गेल्या. तिलाही नववी ‘ब’वर जायचं होतं, पण ती फोनकडं बघत तशीच बसून राहिली. ते. म्हणजे कोण? आणि राहिले म्हणजे कुठं राहिले? आपल्या भाषेत तर राहिले म्हटलं की किल्लारीतली माणसं मान खाली घालतात. पाटलाच्या घरची किती राहिली? चारही राहिली. तुमच्या घरची? आई, दादा, आजी. राहिले. दगडमातीच्या खाली राहिले.

आरती तिची धाकटी बहीण. भूकंप झाला तेव्हा ती जेमतेम भिंतीला धरून उभी राहत होती आणि सिंधू चौथीत होती. आता स्पेनमधल्या वायादोलिद नावाच्या गावात ती एलेना म्हणून राहते, दातांची डॉक्टर आहे, तिला एक मुलगी आहे. एवढं कळून अजून वर्षही झालं नव्हतं. ज्या संस्थेतून ती दत्तक म्हणून परदेशी गेली, तिथल्या एका बाईंचा फोन आला होता : तुमची बहीण तुम्हाला शोधतेय, बोलाल का? सिंधू त्या वेळी लातूरच्या बाजारात भाजी घेत होती. तिनं हो म्हटलं आणि मेथीची जुडी तिथंच विसरून घरी आली. नवऱ्याला, दयानंदला, तिनं दारातच सांगितलं आणि मग तिला रडू आलं. पहिल्या खेपेला त्या बाई मध्ये बसून दोघींचं बोलणं इकडून तिकडं करत होत्या. नंतर दोघींनी फोनवर भिस्त ठेवली. आरती विचारायची ते सगळं साधं असायचं. आई कशी दिसायची? घरात काय शिजायचं? माझ्या पाठीवरचा डाग जन्मापासूनचा का? सिंधू एकेका प्रश्नाला रात्रीच्या भाकरी थापता थापता मनात उत्तर जुळवायची आणि सकाळी पाठवायची. आईचा एकही फोटो उरला नव्हता. म्हणून तिनं लिहिलं होतं, आई नाकानं माझ्यासारखी होती, बाकी सगळी तुझ्यासारखी असावी, कारण तुला पाहिलं की मला कुणीतरी आठवतं.

या प्रश्नालाही तिनं तसंच उत्तर दिलं. त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात बसून. आई-दादा माझ्यासोबत राहिले नाहीत गं, असं तिनं सांगितलं. गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं. पहाटे तू रडायला लागलीस. काही केल्या थांबेनास. दादा, म्हणजे आपले वडील, कुरकुरले, तेव्हा आई मला म्हणाली, सिंधे, हिला जरा बाहेर फिरवून आण. मी तुला कडेवर घेऊन अंगणात आले. लिंबाखाली आले. आणि मागं घर बसलं. ते राहिले, आपण दोघी वाचलो. तू रडलीस म्हणून मी वाचले. हे तिनं आजवर कुणालाच इतकं सरळ सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर छाती हलकी झाली, आणि आरतीचं काहीतरी मोठं, ओलं उत्तर येईल अशी वाट पाहत ती घरी गेली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. निरोप पोचल्याची, ऐकल्याची खूण दिसत होती आणि त्याच्याखाली पांढरं, कोरं. सिंधू कपडे वाळत घालताना, रिक्षाची वाट पाहताना, प्रार्थनेच्या रांगेत उभी असताना ते कोरं उघडून बघायची. आपण काय चुकीचं बोललो? जे विचारलं तेच तर सांगितलं.

पण विचारलं काय होतं? सिंधू मराठीची बाई. मुलांना धातू, काळ, अर्थ शिकवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. वाक्य कळेना की त्याचं क्रियापद धर, त्याला हलवून बघ, असं ती मुलांना सांगायची. मग तिनं स्वतःच तसं केलं. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर तिनं तो शब्द शोधून काढला. मूळ धातू खरंच केदार असा उच्चारायचा, आणि त्याला ‘से’ जोडला की अर्थ व्हायचा : राहणे, मागे राहणे, थांबणे, उरणे. मे केदो, मी राहते. ते केदास, तू राहतेस. से केदा, ती राहते. तिनं तोंडातल्या तोंडात रूपं चालवली, लहानपणी संस्कृतची चालवायची तशी. मग भूतकाळ. मे केदे, मी राहिले. ते केदास्ते, तू राहिलीस. से केदो, ती राहिली. इथं ती थबकली. मी राहते आणि ती राहिली ही दोन्ही केदोच. फक्त एकात जोर आधी, दुसऱ्यात शेवटाला. आणि नोस केदामोस म्हणजे आम्ही राहतो, आणि आम्ही राहिलो म्हणायचं तरी नोस केदामोसच, काही फरक नाही. आपल्या आणि आरतीच्या बाबतीत हे कसं खरं आहे, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले. पण त्यानं प्रश्न सुटत नव्हता. से केदारोन. राहिले. यात पुरुष की बाया, ते कळत नाही, ‘ते’ हा शब्दसुद्धा त्यात नाही, तो फोननं आपल्या पदरचा घातलेला. कर्ता आतच दडून बसलेला. आरतीच्या मनात तो कोण होता?

पुढच्या आठवड्यात नांदेडला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शेजारच्या खुर्चीवर बसणारी वर्षाराणी कंधारच्या शाळेतली, बडबडी, दुसऱ्याच्या डब्यात हात घालणारी. जेवणाच्या सुट्टीत सिंधूला फोनकडं बघत बसलेली पाहून तिनं विचारलं आणि सिंधूनं, का कोण जाणे, सांगून टाकलं. वर्षाराणी चटकन म्हणाली, “अगं, मग आपल्या प्रीतमभाऊंकडं चल की. बारा गावचं पाणी पिलेला माणूस हाय. स्पेनमधी हॉटेलात व्हता कितीतरी वर्षं.” प्रीतमसिंगचं खानावळीसारखं हॉटेल गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला होतं. दाढी पिकलेला, आवाज मऊ. त्यांना त्यानं आतल्या टेबलावर बसवलं, चहा सांगितला आणि सिंधूचं वाक्य ऐकून म्हणाला, “ताई, मला ती जुबान लिहायला-वाचायला बिलकुल नाही येत. कानानं शिकलो. एक बार पुन्हा लावा.” सिंधूनं लावलं. आरतीचा आवाज त्या तेलकट, मसाल्याच्या वासाच्या खोलीत घुमला. प्रीतमसिंग पंजा हनुवटीला लावून ऐकत राहिला.

“तुमच्या मोबाईलनं काय सांगितलं?”

“ते तुझ्यासोबत का राहिले?”

“तसंबी होतं,” तो म्हणाला. “पण ही ताई तसं नाही म्हणून राहिली.” सिंधूकडं न बघता टेबलावरची मिठाची बाटली सरळ करत म्हणाला, “आमच्या मालकाच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. सगळी वाटून टाकली त्यानं, ह्याला एक, त्याला एक. शेवटी एकाला उचलून म्हणाला, मे केदो कोन एस्ते. म्हणजे ह्याला मी ठेवतो. माझ्यापाशी राहू दे. केदार्से, आणि मागं ‘कोन’ लागला, की ठेवून घेणं होतं, ताई. दुकानात कपडा पसंत पडला तरी तसंच म्हणतात.” वर्षाराणीनं चहाचा कप खाली ठेवला. सिंधूनं विचारलं, “मग हिनं काय विचारलंय?” प्रीतमसिंग म्हणाला, “ती विचारतेय, त्यांनी तुला का ठेवून घेतलं?” आणि पुढचं तो बोलला नाही, पण सिंधूला ते ऐकू आलं. मला नाही, आणि तुला का?

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. लोह्याच्या पुढं तुरीची शेतं पिवळी झाली होती. तिला सारखी लाज वाटत होती, आणि कशाची ते नेमकं सांगता येत नव्हतं. बहिणीनं इतक्या वर्षांचा काटा काढून हातावर ठेवला होता आणि आपण तिला भूकंपाची गोष्ट सांगत बसलो. तू रडलीस म्हणून मी वाचले, म्हणे. त्यावर तिला काय वाटलं असेल? जिच्या रडण्यानं वाचलीस, तिलाच देऊन टाकलंत? त्यांनी, म्हणजे शेषेरावमामांनी. आईचा भाऊ. पत्र्याच्या शेडमधून दोघींना अहमदपूरला नेणारा. सिंधूला त्या दिवसांचं फार थोडं आठवत होतं. ती बोलत नव्हती म्हणे, कित्येक महिने. मामी पुढं सांगायची, तोंडातून शब्द म्हणून नाही, नुसती आरतीला मांडीवर घेऊन बसायचीस. मग एका सकाळी मामा दोघींना घेऊन मोठ्या शहरात गेले. लांबचा प्रवास. तिथं एक मोठी इमारत, अंगणात लोखंडी झोका, पांढऱ्या साडीतली बाई. आरतीला आत नेलं. मामांनी सिंधूला पेरू घेऊन दिला. आणि ती मामांबरोबर परत आली. आरतीला सोडायला गेलो होतो, असंच तिनं कायम धरलं होतं. मामांच्या घरी चार पोरं, मामीचं दुखणं, तान्ह्या पोरीचं कोण करणार? मला ठेवलं, कारण मी मोठी होते, मला ठेवणं त्यांना जड वाटलं नाही, कदाचित आईसारखं नाक म्हणून मी त्यांची लाडकी होते. या एका समजुतीवर ती उभी राहिली होती. शिकली, नोकरीला लागली, पहिल्या पगारात मामांना धोतरजोडी नेली. खिडकीतून धूळ आत येत होती. तिनं डोळे मिटले आणि त्या परतीच्या प्रवासातली एक गोष्ट तिच्यापुढं आली, जी नेहमी तिथंच होती पण तिनं कधी निरखली नव्हती. मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत तिचे दोन फ्रॉक, परकर, पाटी. धाकटीला सोडायला जाताना थोरलीचे कपडे कशाला घ्यायचे?

अहमदपूरच्या स्टँडवर ती उतरली. कंडक्टर म्हणाला, “मॅडम, तिकीट लातूरचं हाय की.” ती नुसती ‘हाव’ म्हणाली. धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत मामांचं घर. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा आणि सून दुकानावर होते. मामा ओसरीत बाजेवर बसून ऊन संपायची वाट बघत होते. पूर्वी अडत दुकानाचे मुनीम, ताठ, मोजकं बोलणारे, आता खांदे पार गळून गेलेले. “सिंधे? आगं, अशी अचानक?” म्हणत ते उठायला लागले, तिनं त्यांना बसवलं. पाणी तिनंच घेतलं. आरतीचं मागंच सांगितलं होतं, तेव्हा मामा ‘हाय ना सुखात? बास’ एवढंच म्हणाले होते आणि त्या दिवशी जेवले नव्हते, असं सुनेनं नंतर सांगितलं होतं.

“मामा,” ती म्हणाली, “आरतीनं विचारलंय. तुम्ही मला का ठेवून घेतलं आणि तिला का दिलं?”

मामांनी पाण्याचा तांब्या बाजेखाली सरकवला. समोरच्या भिंतीवर ऊन सरकत होतं. मग म्हणाले, “तिला काय सांगायचं ते तू सांग. तू शिकलेली हाईस.”

“मला खरं पाहिजे. तुम्ही दोघींनाबी सोडायला नेलं व्हतं ना?” ती नकळत घरच्या बोलीवर आली होती. “माझे कपडे व्हते पिशवीत.”

मामांनी मान हलवली. हो की नाही, ते आधी कळेना. “हाव,” ते म्हणाले. “दोघींनाबी. तुझी मामी हातरुणाला लागलेली. आपल्यानं दोघींचं न्हाई व्हायचं, आसं म्या ठरिवलं. थितं त्या बाई म्हनल्या, धाकली ठिवून घेताव. ल्हान लेकराला घर गावतं. ही मोठी हाय, आन् बोलत बी न्हाई. हिला कोन घील? तुमीच न्या वापस.” ते थांबले. “तुला कुनी ठिवून घेतलं न्हाई, पोरी. म्या बी न्हाई. तू ऱ्हायलीस.”

सिंधू खाली फरशीकडं बघत बसली. फरशीवर मुंग्यांची रांग होती, ती बाजेच्या पायाला वळसा घालून जात होती, आणि तिला वाटलं आपण ओरडणार, उठून जाणार, ह्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड पुन्हा बघणार नाही. तसं काही झालं नाही. आत एक मोठी जागा रिकामी झाली आणि तिथं वारा यायला लागला, एवढंच. तिला मोठ्या शहरातली ती पांढऱ्या साडीतली बाई दिसली, आणि तिच्यासमोर उभी असलेली, पिशवी पोटाशी धरलेली मुलगी दिसली, आणि त्या मुलीची तिला इतकी माया वाटली, जितकी स्वतःची कधी वाटली नव्हती. “मला कधी सांगितलं का न्हाई?” तिनं विचारलं. मामा म्हणाले, “सांगून काय करायचं व्हतं? वापस येताना गाडीमधी तू बोललीस. तितक्या दिसांत पयल्यांदा. मामा, भूक लागली, म्हनलीस. म्या मानसांदेखत रडलो. तवा मनाशी म्हनलं, आता ही कुटं जायची न्हाई. पन ते नंतरचं. खरं इचारलंस म्हनून आधीचं सांगितलं.”

तिनं फोन काढला. आता मराठीत बोलून फोनच्या हाती द्यायचं तिला नको होतं. मे केदे, ते केदास्ते, असं पुन्हा एकदा मनात चालवून तिनं एकेक शब्द जुळवला, लाजत, चुकेल म्हणून घाबरत, आपल्याच विद्यार्थ्यांसारखी. नो से केदारोन कोन्मिगो. त्यांनी मला ठेवून घेतलं नाही. मग थांबून पुढं : मे केदे. मी राहिले. मागे राहिले, उरले, राहिले, त्यातलं जे तिला कळेल ते. आणि खाली मराठीत लिहिलं, तुला निवडलं गं त्यांनी, मला नाही. पाठवल्यावर तिला भीती वाटली. हे वाचून आरतीला बरं वाटेल की आणखी काही मोडेल? आपल्याजवळची एक गोष्ट काढून आपण तिच्याजवळ ठेवली होती, आणि ती घेईल की नाही हे तिच्या हातात होतं. मामा बाजेवर आडवे झाले होते, डोळ्यांवर हात. सिंधू आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकायला लागली. दूध तापत होतं तेव्हा फोन वाजला. निरोप नव्हता. आरती समोरासमोर बोलायला आली होती.

तिचा चेहरा पडदाभर होता. दवाखान्याचा पांढरा कोट, मागं खिडकी, खिडकीत स्वच्छ दुपार. ती रडली होती, अजून नाक ओढत होती, आणि भरभर काहीतरी म्हणत होती. सिंधूला त्यातलं आपलं नाव कळलं. सिंदू, सिंदू. पुन्हा पुन्हा तेच. सिंधूही काही म्हणाली, काय ते तिलाच नंतर आठवलं नाही. मग दोघी नुसत्या एकमेकींकडं बघत राहिल्या. दूध उतू गेलं. गॅस बंद करून सिंधू तशीच फोन घेऊन ओसरीत आली, आणि उठून बसलेले मामा आरतीला मागं दिसले असावेत. ती पुढं वाकली. “किएन एस?” तिनं विचारलं. कोण आहे? एवढं सिंधूला कळलं. तिनं फोन वळवून मामांसमोर धरला. मामांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, पडद्याकडं बघितलं, हात जोडायला गेले, जोडले नाहीत.

“मामा,” सिंधूनं सांगितलं.

“मामा?” आरती म्हणाली, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन, डोळे मोठे करून. तिच्या भाषेत त्याचा अर्थ आई होतो. सिंधूनं समजावून सांगायला तोंड उघडलं. पण म्हाताऱ्याला तेवढंच ऐकू आलं होतं, की त्याच्या बहिणीची धाकटी पोर जन्मात पहिल्यांदा त्याला हाक मारतेय.

“ओ,” ते म्हणाले. “ओ, माय.”